जुना चांदीचा रुपया : खरा की खोटा ?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चौरंगावर मांडण्यासाठी देव्हाऱ्यातील डबी बाहेर काढली जाते. वाटण्या होताना आजीची पेटी चार जणांसमक्ष उघडली जाते. पडक्या वाड्याची भिंत उतरविताना कोनाड्यातून एखादे गाडगे निघते. अशा वेळी काळे पडलेले चांदीचे रुपये घराच्या हाती येतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव किंवा गोवे, कोठल्याही जुन्या मराठी घरात ही गोष्ट अपूर्वाईची नाही. नाणे हाती आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ते खरे आहे काय ?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील मंडळी शोधत नाहीत. ते बाजारातील पहिला गिऱ्हाईक देतो. आणि त्या उत्तरात त्याचा स्वार्थ असतो. खऱ्या रुपयास ‘हे खोटे आहे’ असे म्हणून तो मोडीच्याही खाली घेतला जातो, आणि दुसऱ्या बाजूस जर्मन सिल्व्हरचे नवे कोरे नाणे काळे करून ‘राणीच्या वेळचे’ म्हणून हजारो रुपयांस गळ्यात मारले जाते. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते ज्यास पारख ठाऊक नाही त्याचे. वस्तुतः ही पारख पुष्कळशी घरच्या घरी करता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी लागतो तो एक अचूक काटा, एक पेला पाणी, एक भिंग आणि थोडासा इतिहास.

रुपया म्हणजे एक तोळा

प्रथम वजनाचा विचार करू गेल्यास जुन्या माणसांना ठाऊक असलेली एक गोष्ट आठवावी लागते. जुन्या मापांतील ‘रुपयाभार’ आणि ‘तोळा’ हे एकच होते. इंग्रजी अंमलात १८३३ मध्ये तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरले, आणि १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी जो एकच रुपया निघाला तोही १८० ग्रेनचाच, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. ८० तोळ्यांचा शेर तेव्हा चाले. अर्थात ८० रुपये पारड्यात टाकले की शेराचे माप तयार. यंत्रावर पडलेला म्हणून लोक त्यास ‘कलदार’ म्हणत. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण असे. म्हणजे शुद्ध चांदी भरते सुमारे १०.६९ ग्रॅम. अधेली, पावली आणि दोन आणे यांची वजने याच हिशेबाने अनुक्रमे ५.८३, २.९२ व १.४६ ग्रॅम होतात.

शंभर-सव्वाशे वर्षे हातोहात फिरलेले नाणे झिजणारच. १९०६ च्या नाणे कायद्याने मूळ वजनात २ टक्क्यांपर्यंतची घट व्यवहारास चालण्यासारखी मानली होती, म्हणजे ११.४३ ग्रॅमपर्यंत उतरलेला रुपया चलनी समजला जाई. त्याहून अधिक झिजलेला असला तरी तो खरा असू शकतो, मात्र मग झीज डोळ्यांना दिसली पाहिजे. राणीच्या गालावरील आणि केसांवरील उठाव स्पष्ट, अक्षरे तीक्ष्ण, काठ धारदार आणि तरीही वजन १० ग्रॅमच्या आत, असे असेल तर ते नाणे चांदीचे नव्हे. जर्मन सिल्व्हर हे नावापुरतेच सिल्व्हर. त्यात तांबे, निकेल व जस्त असते, चांदीचा अंशही नसतो. त्या आकाराचे नाणे या धातूचे केल्यास ते ९.८ ग्रॅमच्या आसपास भरते. उलट, वजन ११.६६ हून लक्षात येण्याइतके जास्त भरले तर आधी नाण्याची कडी पाहावी. माळेत किंवा गोफात ओवण्यासाठी पुष्कळ रुपयांना डाक देऊन कडी लावलेली असे, आणि ती काढल्यावरही डाकेचा अंश राहतो. तो खोटेपणाचा पुरावा नव्हे.

पाण्याची परीक्षा

वजन जुळविणे नकली नाणे करणारास अवघड नाही. नाणे थोडे जाड केले की झाले. त्यास साधत नाही ते वजन आणि आकारमान ही दोन्ही एकदम जुळविणे. म्हणून पुढील प्रयोग सर्वांत भरवशाचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही तो सहज करून दाखविता येईल, आणि आर्किमिडीजचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकातील दगडाऐवजी घरच्या रुपयावर पडताळून पाहण्यात विद्यार्थ्यांना अधिक गोडी वाटेल यात शंका नाही.

ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. तो कोणत्याही सराफाकडे असतो. प्रथम कोरडे नाणे तोलून आकडा टिपून ठेवावा. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्यास बारीक दोरा बांधून ते पाण्यात संपूर्ण बुडेल असे हाताने धरावे, पेल्याच्या तळास वा बाजूस ते टेकू देऊ नये, आणि त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे हलकेच हलवून सोडवावेत. आता काटा जो आकडा दाखवील तो नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन होय. कोरड्या वजनास या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते.

अकरा-बारांश चांदीच्या ११.६६ ग्रॅम वजनाच्या रुपयाचा पाण्यातील आकडा १.१३ ग्रॅमच्या जवळ येतो. भागाकार सुमारे १०.३ निघतो. तेवढ्याच वजनाचे तांब्याचे मुलामा दिलेले नाणे १.३० दाखविते आणि जर्मन सिल्व्हरचे १.३४. हा फरक काट्यावर स्वच्छ दिसतो, तेथे नजरेच्या हुशारीची गरज उरत नाही. नाणे झिजलेले असले तरी वजन व आकारमान दोन्ही सारखीच कमी होत असल्यामुळे भागाकार बदलत नाही, हा या परीक्षेचा मोठा गुण आहे. शिशात कथील मिसळून चांदीची घनता साधता येते हे खरे. पण असे नाणे मऊ असते, नखाने वा लाकडी काडीने काठावर दाबल्यास खूण उमटते, आणि त्यास नाद मुळीच नसतो.

नादाची परीक्षा आपल्याकडे इतकी रूढ होती की ‘वाजवून घेणे’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे शब्दप्रयोग भाषेत मुरून गेले. पूर्वी दुकानदार रुपया दगडी पायरीवर आपटून पाहत. आज तसे करू नये. काठास लागलेला मार नाण्याची किंमत उतरवितो. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने त्याच्या काठास हळूच टिचकी द्यावी. चांदीचा नाद लांब आणि बारीक होत जाणारा असतो. मात्र तडा गेलेले, भोक पाडलेले किंवा कडी लावलेले खरे नाणेही बद्द वाजते. म्हणून नादावरून खऱ्यास खोटे ठरवू नये.

चुंबकाची परीक्षा लोकप्रिय आहे, पण तिचा अर्थ मर्यादित. चांदी चुंबकास चिकटत नाही, तसेच तांबे व पितळही चिकटत नाही. म्हणून न चिकटणे याने काहीच सिद्ध होत नाही. चिकटले तर मात्र ते चांदीचे नाही हे निश्चित. येथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहाव्या जॉर्जचा १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया पांढराशुभ्र असतो व चुंबकास घट्ट चिकटतो. तो खोटा नव्हे. तो मुळात शुद्ध निकेलचाच काढलेला आहे. अनेक घरांत तो चांदीचा समजून जपून ठेवलेला आढळतो.

ठशाचे नाणे आणि ओतलेले नाणे

टांकसाळीत नाणे ओतीत नसत. थंड चकतीवर पोलादी ठशांचा जबर दाब देऊन ते पाडीत. त्यामुळे अक्षरांच्या कडा उभ्या व स्वच्छ उठतात आणि मोकळी जागा गुळगुळीत राहते. खोटी नाणी पाडणारा बहुधा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन धातू ओततो. ओतीव नाणे भिंगाखाली धरले की पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे किंवा पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरील अक्षरांप्रमाणे गोलसर वाटतात. धातू निवताना आकसतो, म्हणून असे नाणे मूळ नाण्याहून किंचित लहानही असते.

परंतु नकली नाण्याचे बिंग सर्वाधिक फुटते ते काठावर. कलदार रुपयाचा काठ दातेरी असून त्याचे दाते सरळ, समान अंतरावर आणि सारख्या खोलीचे असतात. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे ओतीव नाण्याच्या काठावर बारीक शिवण राहते. ती कानशीने घासून टाकलेली असेल तर कानशीचे तिरके ओरखडे राहतात, आणि दाते पुन्हा हाताने कोरले असतील तर ते वेडेवाकडे असतात. नाणे विकत घेताना लोक राजाचा मुखवटा निरखतात. निरखावयास हवा तो काठ.

सरकारलाही काठाचे महत्त्व ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये साठविण्यास प्रारंभ केला, टंचाई निर्माण झाली, आणि १९४० मध्ये रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणण्यात आली. उरलेल्या भागात तांबे ४० टक्के आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. हीण वाढले की खोटी नाणी पाडणे सोपे होते. म्हणून या काळातील रुपयांच्या दातेरी काठाच्या मधोमध एक खोबण घेऊन तीत नक्षी घातली गेली. हे रुपये खरेच आहेत, पण त्यांत चांदी ५.८३ ग्रॅमच. पाण्यातील त्यांचा आकडा १.२२ च्या सुमारास येतो. घरात १९३८ चा आणि १९४४ चा रुपया असेल तर दोहोंचे वजन सारखे भरले तरी मोल सारखे नाही, हे विकणाराने विसरू नये. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा अकरा-बारांश चांदीचा रुपया दुर्मीळ असल्यामुळे सालाचा अंक कोरून बदलण्याचा मोह होतो. नंतरच्या रुपयावर अशी कारागिरी केली असल्यास काठावरील खोबण आणि पाण्यातील आकडा दोन्ही तिच्याविरुद्ध साक्ष देतात.

साल आणि राजा

धातू खरा असूनही नाणे बनावट असू शकते. चांदी घेऊन नवे ठसे कोरून ‘जुनी’ नाणी पाडण्याचा धंदा आज चालतो, कारण दुर्मीळ नाण्याचे मोल धातूच्या कितीतरी पट मिळते. तेथे काटा उपयोगी पडत नाही, इतिहास पडतो.

कंपनीच्या समान रुपयावर दोनच साले येतात : चौथ्या विल्यमच्या रुपयावर १८३५ आणि व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४०. नाणी पुढे अनेक वर्षे पडत राहिली, पण साल तेच राहिले. राजाचा वा राणीचा मुखवटा, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे आणि साल १८१८, १८२५ किंवा १८५३ असा रुपया कोणी दाखविला तर तो पाहण्यात वेळ घालवू नये. राणीच्या प्रत्यक्ष राजवटीतील रुपयावर १८६२ साल आले आणि तेही १८७३ पर्यंत तसेच चालले. १८७४ पासून चालू साल घालू लागले. १८७६ पर्यंत तिची पदवी ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. तेव्हा १८६२ च्या नाण्यावर ‘एम्प्रेस’ शब्द असेल तर ठसे कोरणाराने इतिहास वाचलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. सातव्या एडवर्डच्या १९०३ ते १९१० या रुपयांवर राजा बोडका आहे, त्याच्या मस्तकावर मुकुट नाही. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की तो डुकरासारखा दिसतो अशी लोकांत कुजबुज सुरू झाली. ती नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. तेव्हा १९११ च्या रुपयावर लांब सोंडेचा डौलदार हत्ती दिसल्यास शंका घ्यावी.

हलका म्हणून खोटा नव्हे

आतापर्यंतचे आकडे कलदार रुपयाचे आहेत. ते सर्व जुन्या रुपयांना लावले म्हणजे मोठा अन्याय होतो, आणि तोच मराठी घरांच्या बाबतीत वारंवार घडतो. कारण या घरांतील ठेव पुष्कळदा संस्थानी असते.

हैदराबादचा ‘हाली सिक्का’ हे याचे ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यंत्रावर पडलेल्या या रुपयावर चारमिनाराचे चित्र आहे. महायुद्धापूर्वीच्या या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी हजारात ८१८ भाग, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. कलदाराच्या मापाने तोलला तर तो अर्धा ग्रॅम कमी भरतो, कसोटीस लावला तर हिणकस उतरतो. आणि सराफ मान हलवितो. पण त्याचे जन्मवजनच तेवढे आहे. त्या काळी ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार असा हिशेब रूढ होता. दोन्ही बाजूंची चांदी काढून पाहिली तर सातांची आणि सहांची बेरीज प्रत्येकी ६४ ग्रॅमच्या जवळ येते. चारमिनाराच्या कमानीत फारसी लिपीतील एक अक्षर असते : मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’ आणि मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. हिजरी सालाशी हे अक्षर जुळते की नाही ते पाहणे ही या नाण्याची चांगली परीक्षा होय. उस्मान अली खान हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले.

गोव्यातील घरांत इंग्रजी रुपयाबरोबर पोर्तुगीज रुपयाही सापडतो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ मध्ये निघालेला राजा लुईशचा रुपया वजनात व चांदीत कलदाराच्या बरोबरीचा आहे, म्हणून त्यास वरील आकडे लागू पडतात. पुढे १९४७ चा रुपया निम्म्या चांदीचा झाला, आणि १९५२ चा तर तांबे-निकेलचा आहे. त्यात चांदी शोधणे व्यर्थ.

हाताने पाडलेल्या रुपयांची गोष्ट याहून निराळी. पेशवाईतील अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, होळकरांचा सूर्यमुख असलेला मल्हारनगरचा म्हणजे इंदूरचा रुपया, शिंदे व गायकवाड यांच्या टांकसाळींतील रुपये, ही नाणी कामगार चांदीचा तुकडा ठशावर ठेवून घणाच्या घावाने पाडीत. ती जाड, ओबडधोबड, पुरती वाटोळी नसलेली अशीच असतात. वजन सुमारे ११ ते साडेअकरा ग्रॅम. ठसा नाण्याहून मोठा असल्याने लेखाचा काही भागच नाण्यावर उमटे. तो लेख फारसी असतो व त्यात बहुधा शाह आलमसारख्या मोगल बादशहाचे नाव असते. त्यावरून हे मोगलांचे नाणे किंवा मराठ्यांच्या नाण्याची नक्कल असा तर्क करू नये. व्यापाऱ्यांना ओळखीचा ठसा हवा असे, आणि बादशहाची सत्ता दिल्लीबाहेर उरली नव्हती तेव्हाही त्याचे नाव नाण्यावर राहिले. कंपनीनेही १८३५ पर्यंत बहुतांश असेच केले. नाणे कोणाचे हे ठरते ते अंकुश, सूर्य, तलवार अशा खुणेवरून व टांकसाळीच्या नावावरून. संस्थानांनी यंत्रे आणल्यावर रूप पालटले. महाराज सयाजीराव यांचा मुखवटा व नागरी अक्षरे असलेला बडोद्याचा रुपया आणि महाराज शिवाजीराव होळकर यांच्या मुखवट्याचा इंदूरचा रुपया ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची सुबक नाणी आहेत.

घणाने पाडलेल्या नाण्याची एक परीक्षा अगदी सोपी असून ती फारशी कोणास सुचत नाही. अशी दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. प्रत्येक वेळी ठसा निराळ्या जागी बसतो, प्रत्येक तुकड्याची किनार निराळी. दोन सूर्यमुखी रुपये एकावर एक ठेवले आणि दोहोंचा आकार, लेखाचा कापलेला भाग व काठावरील चीरही एकाच ठिकाणी आली, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत, किंवा एक खरे आणि दुसरे त्याची प्रत आहे.

याच नाण्यांवर छिन्नीने मारलेल्या लहान लहान खुणा दिसतात. पुष्कळांना वाटते की नाणे खराब झाले. त्या सराफांच्या खुणा होत. टांकसाळी अनेक, प्रत्येकीचा कस वेगळा, म्हणून रुपया हाती आला की सराफ किंवा सरकारी पोतदार तो पारखून घेई, खूण मारी आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा कापी. ‘पोतदार’ हे आडनाव, ‘हिणकस’ हे विशेषण आणि ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार याच बाजारातून आले. आजच्या पारखणारास या खुणांचा दुहेरी उपयोग आहे. त्या नाण्याच्या पोटात शिरलेल्या असल्यामुळे मुलामा दिलेल्या नाण्याचे तांबे तेथे लालसर डोकावते. आणि आतही चांदीच दिसली, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या जाणत्या माणसाने आधीच कौल देऊन ठेवला आहे.

काळेपणा आणि घासणे

चांदी हवेतील गंधकाच्या वायूने काळी पडते. हा काळेपणा सावकाश, पातळ आणि असमान चढतो. कडेला निळसर-तपकिरी छटा असतात. औषध लावून काळे केलेले नाणे खाचांत काजळ भरल्यासारखे दिसते आणि चोळल्यावर बोटास रंग लागतो. तरीही केवळ काळेपणावरून निर्णय करू नये. ज्याची नक्कल करणे सर्वांत सोपे, त्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा.

खरे नुकसान मात्र घरीच होते. दिवाळीत रुपये चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्ट लावून लखलखीत करण्याची पद्धत आहे. पूजेच्या दृष्टीने तिच्यामागील भाव समजण्यासारखा असला तरी प्रत्येक घासण्याने ठशाचा उठाव थोडा थोडा जातो, आणि संग्राहक घासलेल्या नाण्यास निम्मीही किंमत देण्यास नाखूश असतो. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपणे पुरेसे आहे. तेजाबाचा थेंब टाकून घरी परीक्षा करणे हे तर नाण्यास आणि हातास दोहोंस घातक. हॉलमार्क केंद्रांतील क्ष-किरण यंत्र नाण्यास इजा न करता धातूंचे प्रमाण सांगते. पण ते वरच्या अगदी पातळ थराचेच सांगते हे ध्यानात घेऊन त्याच्या जोडीला पाण्याची परीक्षा करावी.

मोडीच्या भावाची गोष्ट तीही येथेच सांगणे इष्ट. व्हिक्टोरिया, एडवर्ड व पाचवा जॉर्ज यांचे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पडले होते. त्यांतील सामान्य सालांना चांदीहून फार अधिक मोल येत नाही. म्हणून लाखांची स्वप्ने पाहू नयेत. परंतु त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने १०.६९ ग्रॅमचे जे होतील त्याच्या पुष्कळ खाली कोणी मागितले, तर नाणे परत डबीत ठेवावे.

चमत्काराची नाणी

राम दरबार, हनुमान किंवा ओंकार यांची चित्रे, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १६१६, १७१७ वा १८१८ असे साल, अशी नाणी ग्रामीण भागात हमखास दाखविली जातात. कंपनीने असे एकही नाणे पाडलेले नाही. देवस्थानांच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या मुद्रा भक्तिभावाने जवळ ठेवण्यास हरकत नाही. पण त्यांना चलनाचा इतिहास चिकटविणे ही फसवणूक आहे. ‘हे नाणे तांदळाचे दाणे ओढते, परदेशी कंपनी कोटी रुपये देईल, तपासणीची फी आधी भरा’ असे सांगून शेतजमिनी विकावयास लावल्याचे प्रकार पोलिसांकडे नोंदले गेले आहेत. कोणत्याही धातूच्या अंगी तांदूळ ओढण्याचा गुण नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांविषयी खुद्द रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला असून, आपण असा व्यवहार करीत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही, असे स्पष्ट केले आहे.

जमिनीतून निघालेली नाणी

घरात पिढीजात चालत आलेली नाणी आणि नांगरटीत किंवा पाया खणताना सापडलेली नाणी यांत कायद्याने फरक केला आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे, जमिनीत दडलेले धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कर्नाटकासारख्या काही राज्यांचे या विषयाचे स्वतंत्र कायदे आहेत व पूर्वीच्या संस्थानी मुलखांत तपशील वेगळे असू शकतात. परंतु खबर देण्याचे कर्तव्य सर्वत्र सारखेच समजावे. खबर दिली की सर्व काही सरकारजमा होते, ही समजूत बरोबर नाही. १८७८ च्या कायद्यात धन बेवारस ठरल्यास सापडणाऱ्याचा व जागेच्या मालकाचा हिस्सा सांगितलेला आहे. दोघांत निराळा करार नसेल तर पाऊण भाग सापडणाऱ्याचा. सरकारने ते स्वतःकडे घ्यावयाचे ठरविले तर धातूच्या किमतीवर तिचा पाचवा भाग अधिक देण्याची तरतूद आहे. खबर दडविणाराचा मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. याखेरीज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ही पुरावस्तू असून ती परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाही.

गावातील महसूल कर्मचाऱ्याने, तलाठी असो वा पटवारी, पंचनामा करताना नाणी मोजावीत, तोलावीत, छायाचित्रे घ्यावीत, पण धुऊ नयेत. ज्या गाडग्यात ती निघाली त्याची खापरेही गोळा करावीत. नाणी कोणत्या काळात पुरली गेली हे ठरविण्यास त्या साठ्यातील सर्वांत अलीकडचे नाणे आणि ते मडके या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. साठ्यात एखादे तांब्यावर मुलामा दिलेले नाणे निघाले तर ते निरुपयोगी म्हणून टाकू नये. ते त्या काळचेच खोटे नाणे असते, आणि त्या बाजारात खोटेपणा कितपत शिरला होता याचा असा पुरावा दुसरीकडे मिळत नाही. राज्याचा पुरातत्त्व विभाग व शासकीय वस्तुसंग्रहालये अशा साठ्याची तपासणी करतात. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे.

घरची नाणी ठेवताना प्रत्येक नाणे साध्या कागदाच्या निराळ्या पाकिटात घालावे. रबर बँड लावू नये, त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही टाळाव्यात, त्यांतून चिकट हिरवट थर चढतो. पाकिटावर कोरडे वजन, पाण्यातील आकडा, साल आणि ते घरात कोणाकडून आले हे पेन्सिलीने लिहून ठेवावे.